केसरबाईंची भैरवी

पारनेरच्या आपल्या बचत गटात आवडतं गाणं सांगा म्हटलं, की सगळ्या पदर तोंडाला लावतात. म्हणून आज माझं सांगते.

गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर. जन्म १८९२ चा. गाणाऱ्या बाईकडे तेव्हा समाज वेगळ्या नजरेने बघायचा. तरी त्यांनी अल्लादिया खाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं तालीम घेतली.

१९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानांतून जगभरच्या संगीताचे २७ नमुने अवकाशात पाठवले. त्यांत भारताची एकच चीज, केसरबाईंची भैरवी 'जात कहाँ हो', म्हणजे 'कुठे निघालात?' त्याच सप्टेंबरात बाई गेल्या. आवाज अजून पुढे चाललाय.

साडेतीन मिनिटांची चीज आहे. पुढच्या बैठकीत मोबाइलवर ऐकू. मग तुमचं आवडतं सांगायचं, न लाजता.