मागील पानावरून पुढे

कामाच्या यादीचा पहिला पूर्वज शोधायला निघालो तर वाट कागदापाशी न जाता लुगड्याच्या पदरापाशी जाते. येताना कुणाकडून काही आणायचे असले, कुणाला निरोप सांगायचा असला की बाया पदराला गाठ मारत आणि पुरुषमाणसे उपरण्याच्या टोकाला. गाठ हाताला लागली की काम आठवे. तिची अडचण एवढीच की काहीतरी राहिले आहे हे ती बजावते, काय राहिले ते मात्र सांगत नाही. दोन गाठी झाल्या तर कोणती कशाची, हा घोळ वेगळाच. गाठी मारणे आता फारसे उरलेले नाही, पण खूणगाठ बांधणे हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो आणि त्यातल्या पदराची आठवण कुणालाही होत नाही.

'यादी' हा शब्दही स्मरणाचाच. तो फारसी 'याद'मधून आला. बहमनी आणि त्यापुढच्या शाह्यांच्या कचेऱ्यांतून असे किती तरी शब्द मराठी मुलखात मुरले. दप्तर त्यांतला सर्वांत लांबचा प्रवासी. ग्रीकांच्या 'दिफ्थेरा'पासून, म्हणजे कमावलेल्या कातड्यापासून, फारसीच्या वाटेने तो इकडे आला आणि अखेर शाळकरी पोराच्या पाठीवर जाऊन बसला. फर्द म्हणजे कागदाचा ताव. फर्दनवीस झिजून फडणीस झाला. चिठ्ठ्या लिहिणारा तो चिटणीस. आपल्या मागोव्याला महत्त्वाचा शब्द मात्र कीर्द. फारसीत त्याचा अर्थ 'केलेले'. रोजकीर्द म्हणजे त्या दिवशी जे झाले, आले, गेले, त्याची नोंद. रोज न चुकता लिहायची, पण लिहायची ती काम उरकल्यावर. इथे आपण क्षणभर थांबावे, कारण कागदाचा जुना स्वभाव या एका शब्दात सापडतो. शतकानुशतके त्याचे तोंड मागे, होऊन गेलेल्या दिवसाकडे होते. उद्या काय करायचे हे विचारायला कागदाकडे सहसा कुणी जात नसे.

शिवाजी महाराजांच्या कारभारात राजाच्या रोजच्या घडामोडींची नोंद ठेवणारा वाकनीस हा अष्टप्रधानांतला एक होता. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर त्याचे पद 'मंत्री' म्हणून ओळखले जाऊ लागले. त्याच काळात समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला. त्यात कागद, शाई, बोरू, समास सोडणे आणि ओळी सरळ ठेवणे यांचा असा काही विचार आहे की समर्थ एखाद्या कारकुनाच्या मागे उभे राहून बघत असावेत असे वाटते. जुन्नर-दौलताबादकडचा हातकागद, तिरपा छाटलेला बोरू, ओली शाई टिपायला बारीक वाळू, एवढ्या सामग्रीवर पुढे पुण्याचा कारभार चालला. त्याचे कागद आजही पेशवे दप्तरात रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. गणेश चिमणाजी वाड यांनी त्यांतून पेशव्यांच्या रोजनिशीचे उतारे निवडले आणि न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली त्यांवर निबंध वाचला. लढायांच्या बखरी वाचून कंटाळलेल्या माणसाने ही रोजनिशी जरूर चाळावी. इनामे, नेमणुका, देणी, तंटे. सगळे झालेले.

तरीही याच दप्तरांत पुढे पाहणारा एक कागद आपल्याला भेटतो. त्याचे नाव याद. मागण्या कलमवार मांडायच्या आणि प्रत्येक कलमापाशी निर्णय लिहून घ्यायचा, अशी ती रीत. कलम म्हणजे लेखणी आणि कलम म्हणजे यादीतली एक बाब. लिहिणारे हत्यार आणि करायचे काम यांना एकच शब्द असावा, हे मला फार आवडते. ही रीत लग्नघरात अजून जिवंत आहे. माथ्यावर 'श्री', खाली मानपान, जेवणावळ, कार्यालयाचा खर्च, कुणी काय करायचे ते, आणि शेवटी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या सह्या. 'याद्या झाल्या' म्हटले की लग्न ठरले. वाणसामानाची यादीही आजी हळद-कुंकवापासून सुरू करी, मग घरात हळदीचे दोन डबे भरलेले का असेनात.

आणि युरोपात काय चालले होते? १४९० च्या आसपास मिलानमध्ये लिओनार्दो दा विंचीने स्वतःसाठी काही कामे टिपून ठेवली. कालव्याचे दार दुरुस्त कसे करतात ते जाणकाराला विचारणे, फ्लँडर्समध्ये लोक बर्फावरून कसे जातात ते पोर्तिनारी नावाच्या व्यापाऱ्याला विचारणे. यादीतले निम्मे काम विचारण्याचेच. चारच वर्षांनी, १४९४ मध्ये, लुका पाचोली या पाद्र्याने व्हेनिसमध्ये हिशेबाची रीत छापली. व्यापाऱ्याच्या तीन वह्या त्याने सांगितल्या: कच्ची टिपणवही, रोजकीर्द आणि खतावणी. पुन्हा झालेल्याचीच नोंद. दोनशेहून अधिक वर्षांनी, १७३० च्या सुमारास, बेंजामिन फ्रँकलिनने फिलाडेल्फियात दिवसाचा तक्ता आखला. सकाळी, आज कोणते चांगले काम करायचे. संध्याकाळी, त्यातले काय केले. तेरा सद्गुणांसाठी त्याची एक छोटी वही होती, चूक झाली की काळा ठिपका. ठिपके खोडून खोडून कागद फाटू लागला तेव्हा त्याने हस्तिदंती पानांची टिपणवही घेतली आणि शिसपेन्सिलीच्या खुणा ओल्या स्पंजाने पुसू लागला. आपल्याकडच्या पोरांची धूळपाटी याहून स्वस्त होती. पण फ्रँकलिनच्या पानावर सकाळ आणि संध्याकाळ, यादी आणि कीर्द, पहिल्यांदा समोरासमोर बसलेली दिसतात.

खरे वळण मात्र एका लेखनसाहित्याच्या दुकानात आले. लंडनच्या जॉन लेट्सने १८१२ साली तारखा आधीच छापलेली डायरी विकायला काढली. यापूर्वी दिवस आधी उगवे आणि तारीख नंतर लिहिली जाई. आता पुढच्या नोव्हेंबरातला मंगळवार जानेवारीतच कोरा पडून माणसाची वाट पाहू लागला. कोरी जागा दिसली की ती भरावीशी वाटते. इंग्रजी अमदानीबरोबर ही डायरी इकडे आली आणि नव्या वर्षी कुणाकुणाकडून फुकट मिळणारी वस्तू झाली. बहुतेकांची पहिली बारा पाने भरतात, पुढे धोब्याचे हिशेब. मराठी घराने ही रीत खरी आपलीशी केली ती भिंतीवर. जयंतराव साळगावकरांचे 'कालनिर्णय' १९७३ पासून निघू लागले. त्याच्या तारखांच्या चौकटींत तिथी आणि वारांच्या शेजारी दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, बाईची सुट्टी आणि 'विमा हप्ता' एकाच पेनाने लिहिले जाते. चतुर्थी आधीच छापलेली, हप्ता आपण लिहायचा. एकाच चौकटीत कीर्द आणि याद.

कचेरीतल्या एकाग्रतेचा विचार त्याआधीच सुरू झाला होता. १९१८ साली आयव्ही ली या प्रसिद्धी-सल्लागाराने बेथलेहेम स्टीलच्या चार्ल्स श्वाबला उपाय सांगितला, अशी कथा आहे. रोज निघताना उद्याची सहाच कामे क्रमाने लिहा आणि पहिले संपल्याखेरीज दुसऱ्याला हात लावू नका. श्वाबने यासाठी पंचवीस हजार डॉलरचा धनादेश दिला म्हणतात. कथेला कांगोरे बरेच चढलेले असावेत, पण रीत उपयोगाची आहे. सातवे काम लिहू न देण्यातच तिची गंमत. १९२७ मध्ये ब्ल्युमा झायगार्निक यांनी बर्लिनमधल्या आपल्या प्रयोगांचा निष्कर्ष मांडला, की मध्येच थांबवलेली कामे पुरी झालेल्यांपेक्षा जास्त आठवतात. पुढे सगळ्यांना तोच निकाल मिळाला असे नाही. २०११ मध्ये मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या अमेरिकी संशोधकांना असे आढळले की अपुरे काम कधी, कसे करायचे ते ठरवले तरी त्याची टोचणी ओसरते. काम व्हायलाच हवे असे नाही! काय राहिले ते न सांगणारी पदराची गाठ टोचत राही ती यामुळेच.

२०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या रायडर कॅरोलने आपली वहीची पद्धत जगापुढे ठेवली. लहानपणापासून त्याचे लक्ष एका जागी टिकत नसे आणि त्यातून ही रीत घडली. कामाला ठिपका, झाले की फुली, राहिले की ते पुढच्या पानावर नव्याने लिहायचे आणि जुन्या पानावर पुढे जाणारा बाण काढायचा. ते पुन्हा हाताने लिहिण्याचा कंटाळा आला, तर ते काम तितके गरजेचे नव्हते हे आपोआप कळते. लोकांना हे नवे वाटले. आपल्या पेढीवरचा दिवाणजी मात्र हेच करत आला: पानाच्या तळाशी बेरीज, पुढच्या पानाच्या माथ्यावर 'मागील पानावरून पुढे', आणि नव्या दिवशी सर्वांत वर 'श्री शिल्लक'.

मीही अशीच एक वही ठेवतो. दोनशे पानी, एकरेघी. डावीकडे करायचे, उजवीकडे झाले ते. त्यात 'चष्म्याची काडी' हे कलम गेले तीन आठवडे बाणावर बसून पानामागून पान ओलांडते आहे, आणि चष्मा दोऱ्याने बांधलेला आहे. काल रात्री नवे पान उघडले, तारीख घातली आणि पहिली ओळ लिहिली: श्री शिल्लक, चष्म्याची काडी.