सहा महिने मुरणारी ख्रिसमस कुकी : १७९६ सालच्या एका पाककृतीची कथा

१/ इ.स. १७९६. अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील हार्टफर्ड येथे ४७ पानांचे एक छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले : ‘अमेरिकन कुकरी’. अमेरिकन लेखिकेने लिहिलेले आणि अमेरिकेतच छापलेले हे पाककलेचे पहिले पुस्तक मानले जाते. त्यात ‘ख्रिसमस कुकी’ची एक पाककृती आहे. ज्या न्यू इंग्लंडमध्ये एकेकाळी नाताळ पाळणाऱ्याला दंड होत असे, त्याच न्यू इंग्लंडमध्ये ही पाककृती छापली गेली.

२/ प्युरिटन पंथीयांच्या मते बायबलमध्ये ख्रिस्तजन्माची तारीखच दिलेली नाही. त्यामुळे नाताळ हा मानवनिर्मित सण, आणि त्यातील खाणेपिणे म्हणजे निव्वळ उच्छृंखलता. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने १६५९ मध्ये कायदाच केला : काम बंद ठेवून किंवा मेजवानी करून नाताळ पाळणाऱ्यास ५ शिलिंग दंड. हा कायदा १६८१ मध्ये रद्द झाला. परंतु नाताळाला तिथे सार्वजनिक सुट्टी मिळण्यास १८५६ साल उजाडावे लागले.

३/ मग ही कुकी आली कुठून? त्याचे उत्तर शब्दातच दडलेले आहे. इंग्रजांजवळ ‘बिस्किट’ हा शब्द होता. ‘कुकी’ हा डच भाषेतील ‘छोटा केक’ या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे. हडसन नदीच्या काठी डचांची वसाहत होती. १६६४ मध्ये इंग्रजांनी ती जिंकली आणि न्यू ॲमस्टरडॅमचे न्यूयॉर्क झाले. सत्ता गेली, पण डच स्वयंपाकघर टिकले आणि त्यातील शब्द शेजाऱ्यांच्या तोंडी रुळले.

४/ पुस्तकाच्या लेखिकेचे नाव अमेलिया सिमन्स. मुखपृष्ठावर तिने स्वतःची ओळख ‘एक अमेरिकन अनाथ’ अशी करून दिली आहे. पुस्तक छापण्यायोग्य करण्याइतके शिक्षण तिच्याजवळ नव्हते, म्हणून तिने हस्तलिखित तयार करण्याचे काम दुसऱ्यावर सोपवले. त्या व्यक्तीने आपल्याला फसवण्याच्या हेतूने पाककृतींतील आवश्यक जिन्नस गाळले आणि भलतेच घुसडले, अशी जाहीर तक्रार तिला करावी लागली.

५/ ही तक्रार किरकोळ नव्हती. आईबापांचे छत्र नसलेल्या मुलीजवळ स्वतःच्या चारित्र्याशिवाय आणि निश्चयाशिवाय काही नसते, असे तिने प्रस्तावनेत बजावले होते. पाककृती फसली तर बोल तिच्याच नावाला लागणार होता. त्याच वर्षी ऑल्बनी या जुन्या डच वस्तीच्या शहरात पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली.

६/ आता प्रत्यक्ष कृती. ३ पौंड पीठ (सुमारे १३६० ग्रॅम), १ पौंड लोणी, दीड पौंड साखर आणि चहाचा एक पेला भरून बारीक धणेपूड! आपल्याकडे मसाल्याच्या डब्यात बसणारे धणे त्या काळच्या गोड पदार्थांतही सहज वापरले जात. पेलाभर दुधात ३ चमचे ‘पर्लॲश’ विरघळवायचे, सगळे एकत्र मळायचे, पाऊण इंच जाड लाटायचे, आवडेल त्या आकारात कापायचे आणि मंद आचेवर १५ ते २० मिनिटे भाजायचे.

७/ पर्लॲश म्हणजे लाकडाच्या राखेतून काढलेला शुद्ध क्षार, अर्थात पोटॅशियम कार्बोनेट. आम्लाशी संयोग झाला की त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि पीठ हलके होते. अमेरिकेत जंगलतोडीमुळे राख मुबलक होती. अमेरिकन सरकारने १७९० मध्ये दिलेले पहिलेच पेटंट याच क्षाराच्या उत्पादनपद्धतीचे होते, आणि त्यावर अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची स्वाक्षरी होती.

८/ साखरेची कथा मात्र गोड नाही. न्यू इंग्लंडची जहाजे मासे आणि लाकूड घेऊन वेस्ट इंडीजला जात आणि तिथून साखर व काकवी आणत. ती साखर आफ्रिकेतून पळवून आणलेल्या गुलामांच्या श्रमातून तयार होत असे. सणाच्या दिवशी मुलांच्या हाती पडणाऱ्या कुकीतील दीड पौंड साखरेमागे उसाच्या मळ्यांतील ती राबणूक होती.

९/ भाजणेही सोपे नव्हते. विटांची भट्टी आधी लाकडे जाळून तापवायची, मग निखारे ओढून काढायचे. तापमापक नसल्यामुळे आत हात धरून उष्णतेचा अंदाज घ्यावा लागे. पाव आधी भाजला जाई. भट्टी निवू लागली की मंद आचेच्या पदार्थांची पाळी येई.

१०/ पुढच्या शतकात चित्र पालटले. १८४३ मध्ये इंग्लंडमध्ये आल्फ्रेड बर्ड यांनी यीस्ट न सोसणाऱ्या पत्नीसाठी बेकिंग पावडर तयार केली. १८५६ मध्ये अमेरिकेत एबेन हॉर्सफर्ड यांनी आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले. बीटपासून साखर निघू लागली, घरोघरी लोखंडी शेगड्या आल्या. घरची कुकी अर्ध्या तासाचे काम झाली.

११/ सिमन्सच्या कुकीला मात्र घाई चालत नव्हती. सुरुवातीला ती टणक आणि कोरडी लागेल, असे तिने प्रामाणिकपणे सांगून ठेवले आहे; मातीच्या भांड्यात घालून तळघरात ठेवली, तर सहा महिन्यांनी ती अधिक मऊ आणि चविष्ट होईल. म्हणजे २५ डिसेंबरला उत्तम कुकी हवी असेल, तर गृहिणीला भर उन्हाळ्यात, जून महिन्यातच भट्टी पेटवावी लागणार होती.