हाडकीचा तुकडा

सातारा जिल्ह्यात आमची महार वतनाची हाडकी, जेमतेम दीड एकर. ही वतनी गुलामगिरी मोडण्यासाठी परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बिल मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने वतन गेले. ठरलेली रक्कम भरून जमीन आमच्या नावावर झाली. मग पाटलाचा सांगावा घेऊन पळणे नाही, दारोदार भाकरी मागणे नाही. सुगीत आम्ही पोरं बांधावर बसून आपल्याच ज्वारीचा हुरडा खायचो. केवढी शांती होती ती! १९८२ च्या गिरणी संपात घर उपाशी पडले. कलेक्टरची परवानगी काढून वडिलांनी तो तुकडा विकला. त्या दिवशी आई जेवली नाही. बंधू-भगिनींनो, ज्यांची वतनी जमीन शिल्लक आहे त्यांनी सातबारा जपावा. जयभीम!