पेव्ही, सॅलोमन

पेव्ही, सॅलोमन : (सु. १५८९–जुलै १६०२). एलिझाबेथकालीन इंग्लंडमधील बालनट. लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स नाट्यगृहात खेळ करणाऱ्या ‘चिल्ड्रन ऑफ द चॅपेल’ या मुलांच्या नाटकमंडळीत त्याने जेमतेम तीन वर्षे काम केले आणि वयाच्या तेराव्या वर्षी तो वारला. बेन जॉन्सनच्या ‘सिंथियाज रेव्हल्स’ (१६००) व ‘पोएटॅस्टर’ (१६०१) या नाटकांच्या नटयादीत त्याचे नाव आहे. म्हाताऱ्यांच्या भूमिका हा त्याचा हातखंडा होता. ‘हा खरोखरच वृद्ध आहे’ असे समजून नियतीने चुकून त्याला उचलले, अशी कल्पना जॉन्सनने त्याच्यावरील मृत्युलेखात केली आहे. ही कविता १६१६ साली प्रसिद्ध झाली. नटयादीत पहिले नाव ‘सॅल.’ एवढेच छापले असल्यामुळे पुढच्या संपादकांनी ते ‘सॅलेथिएल’ असे लावले आणि दीर्घकाळ तो त्याच चुकीच्या नावाने ओळखला गेला.

खरे नाव हाती लागते ते एका फिर्यादीत. राजदरबारच्या प्रार्थनामंदिरातील गायनासाठी गोड गळ्याची मुले सक्तीने भरती करण्याचा अधिकार तेथील गायनगुरू नाथानिएल जाइल्स याला राणीकडून मिळाला होता. जाइल्स आणि ब्लॅकफ्रायर्सचा भाडेकरू हेन्री इव्हान्स यांनी तो नाटकधंद्यासाठी वापरला. डिसेंबर १६०० मध्ये शाळेच्या वाटेवरून टॉमस क्लिफ्टन या तेरा वर्षांच्या मुलाला उचलून नाट्यगृहात नेण्यात आले. त्याच्या हातात एका भूमिकेची नक्कल देऊन ती पाठ कर, नाहीतर चाबकाचे फटके मिळतील, असा दम भरला गेला. वडील हेन्री क्लिफ्टन वजनदार गृहस्थ होते. त्यांनी खटपट करून मुलाला दुसऱ्याच दिवशी सोडवले आणि पुढे स्टार चेंबर न्यायालयात दाद मागितली. असेच आणलेले आणखी सात मुलगे त्यांनी फिर्यादीत नावांनिशी सांगितले. त्यांत पेव्ही आहे. गाणे न येणाऱ्या मुलांनाही नेले, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. पेव्हीसाठी मात्र असा धावून येणारा कोणी असल्याची नोंद नाही.

याच यादीतला नेथन फील्ड (१५८७–सु. १६२०) रिचर्ड मल्कास्टर या नामांकित शिक्षकाचा विद्यार्थी होता. तो मोठेपणी शेक्सपिअरच्या मंडळीत नट झाला, नाटककारही झाला. मुलांच्या मंडळ्यांची भरभराट काही त्याच्या नशिबाने मोजता येत नाही.

मोठ्यांच्या नाटकमंडळ्यांत मुलांची स्थिती वेगळी होती. स्त्रिया रंगभूमीवर येत नसल्याने तेथे मुलगे मुख्यतः स्त्रीपार्ट करत. दहा-बारा वर्षांचा मुलगा एखाद्या नटाकडे उमेदवार म्हणून राही, त्याच्याच घरी जेवे आणि आवाज फुटेपर्यंत राण्या व नायिका उभ्या करी. नक्कल म्हणजे फक्त स्वतःची वाक्ये आणि त्यांच्या आधीचे समोरच्या नटाचे शेवटचे दोन-चार शब्द; पूर्ण नाटक हाती येत नसे. नाट्यगृहाचा मालक फिलिप हेन्स्लो याच्या रोजनिशीत १८ डिसेंबर १५९७ ची नोंद आहे : जेम्स ब्रिस्टो हा मुलगा एका नटाकडून ८ पौंडांना विकत घेतला. पुढे तो या मुलाच्या कामाबद्दल मंडळीकडून आठवड्याला ३ शिलिंग लावत असे. पोशाखांच्या आणि नाटकांच्या खरेदीबरोबर त्याच वहीत मुलाचीही किंमत लिहिलेली आहे. त्या रंगभूमीचे वैभव सांगताना ही नोंद वगळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

क्लिफ्टन यांच्या फिर्यादीवरून न्यायालयाने इव्हान्सला दोषी ठरवले, तरी मुलांचे खेळ थांबले नाहीत. गायनासाठी भरती केलेल्या मुलांना नाटकात उभे करू नये, असे राजाज्ञेत स्पष्टपणे लिहिले गेले ते १६०६ साली. पेव्हीला जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती.