मद्याचे वर्ष आणि मद्याची पारख

वर्षावरून मद्याची प्रत ठरविण्याची प्रथा बोर्दोच्या व्यापाऱ्यांनी पाडली, असा समज आढळतो. तो खरा नव्हे. रोमन लोक वर्षाला त्या वर्षीच्या कॉन्सलचे नाव देत व मद्याच्या कुंभांवरही तेच घालीत. ल्युशियस ओपिमियस कॉन्सल असताना, इ. स. पू. १२१ मध्ये, उन्हाने द्राक्षे अशी पिकली की ‘ओपिमियन’ हा शब्दच उत्तम मद्याचा वाचक झाला.

पुढे कीर्ती तेवढी उरली. इ. स. पू. ४६ मधील ‘ब्रूटस’ या संवादात सिसेरोला अतिजुन्या मद्याची गोडी ओसरते हे सांगावयाचे होते, तेव्हा त्याने याच वर्षाचा दाखला दिला. प्लिनीच्या काळी, सुमारे दोनशे वर्षांनंतर, शिल्लक मद्य मधासारखे दाट व कडवट झाले होते. दुसऱ्या मद्यांत किंचित मिसळण्यापुरताच त्याचा उपयोग होई. पेट्रोनियसचा नवश्रीमंत त्रिमाल्कियो पाहुण्यांपुढे ‘शंभर वर्षांचे ओपिमियन’ अशी चिठ्ठी लावलेले कुंभ मांडतो. ही कृती सामान्यतः नीरोच्या काळातली मानतात. तसे असल्यास त्या मद्याचे वय सुमारे एकशेऐंशी वर्षे भरावयास हवे होते! यजमानाने वर्षाचे नाव विकत घेतले होते. हिशेब करण्याची तसदी मात्र घेतली नव्हती.

काचेची बाटली व बूच यांचा प्रसार झाल्यावर मद्य मुरविणे पुन्हा व्यवहार्य झाले. बोर्दोची १८५५ ची प्रसिद्ध प्रतवारी मळ्यांची होती, वर्षांची नव्हे. पुढे अमेरिकन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी १९८२ च्या हंगामाची मुक्तकंठाने प्रशंसा केली आणि त्यांच्या शंभर गुणांच्या पद्धतीचा बोलबाला झाला.

परंतु संपूर्ण प्रदेशाला एकच गुणांक देण्यात मोठी गफलत संभवते. १९९८ मध्ये सप्टेंबरअखेरच्या पावसापूर्वी लवकर पिकणाऱ्या मेर्लो द्राक्षांची तोडणी बरीचशी आटोपली होती. म्हणून उजव्या तीरावरील पोमरोल व सेंत-एमिलियों येथील मद्ये सरस ठरली. उशिरा पिकणाऱ्या काबर्ने सोव्हिन्योंवर अवलंबून असलेला डाव्या तीरावरील मेदॉक मागे पडला. १९९६ मध्ये नेमके उलट घडले होते. तेव्हा बाटली निवडणाऱ्याने वर्षाबरोबर तीर व द्राक्षाची जातही पाहिली पाहिजे, आणि ती कशी साठविली होती हेही. १९६७ च्या तांबड्या बोर्दोची आज फारशी कोणी आठवण काढीत नाही. त्याच वर्षीचे सोतेर्नमधील शातो द’इकेमचे गोड मद्य मात्र रसिक अजून जपून ठेवतात.