लिम, फ्रेडी

लिम, फ्रेडी : (१ फेब्रुवारी १९७६– ). तैवानी गायक, मानवी हक्कांचे पुरस्कर्ते आणि २०१६ ते २०२४ या काळात विधायक युआनचे, म्हणजे तैवानच्या कायदेमंडळाचे, सभासद. मूळ नाव लिन छांग-त्स्वो. जन्म तैपेई येथे. कायदेमंडळातील कारकिर्दीचा पूर्वार्ध त्यांनी एका नव्या पक्षाचे संस्थापक-सभासद म्हणून आणि उत्तरार्ध अपक्ष म्हणून व्यतीत केला.

तैवानात अपक्षांची परंपरा जुनी आहे. १९४९ पासून १९८७ पर्यंत जारी असलेल्या लष्करी कायद्याच्या अमलात कुओमिंतांग या सत्ताधारी पक्षास प्रतिस्पर्धी ठरेल असा पक्ष काढण्यास मनाई असल्यामुळे, सरकारास विरोध करू इच्छिणाऱ्यांना पक्षाविनाच उभे राहावे लागे. आणि १९७२ मध्ये कायदेमंडळात निवडून आलेल्या कांग निंग-श्यांग यांच्यासारख्या पक्षाबाहेरील मंडळींच्या चिकाटीतूनच १९८६ मध्ये लोकशाही प्रगतिशील पक्ष उदयास आला. पक्षस्थापनेची मोकळीक मिळाल्यावर अपक्षांचे प्रयोजन ओसरले. २००८ पासून कायदेमंडळाची सभासदसंख्या ११३ वर आली व त्यांपैकी ७३ जागा एकसदस्यीय मतदारसंघांना मिळाल्या. पूर्वीच्या बहुसदस्यीय पद्धतीत थोड्या निष्ठावंत मतांवर निभावून जाणाऱ्या उमेदवारास आता पहिला क्रमांक मिळविल्यावाचून गत्यंतर उरले नाही. लिम यांचे अपक्षत्व या अवघड काळातले आहे, आणि म्हणूनच ते अभ्यसनीय आहे.

१९९५ मध्ये स्थापन झालेल्या थॉनिक या हेवी मेटल वाद्यवृंदाचे ते प्रमुख गायक होत. कर्कश विद्युत्‌वाद्यांच्या जोडीला अर्हू हे दोन तारांचे पारंपरिक वाद्य योजून या वृंदाने तैवानच्या आख्यायिका व इतिहास गाइला. १९४७ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या, कुओमिंतांग सरकारने केलेल्या नागरिकांच्या कत्तलीचा विषयही, ज्याचा उच्चार करणे एके काळी धोक्याचे होते, त्यांच्या २००९ मधील ध्वनिमुद्रिकेत आला आहे. इतिहासाच्या या ध्यासाला लिम यांच्या राजकारणाची पूर्वपीठिका मानले पाहिजे; गायकाने केवळ लोकप्रियतेच्या बळावर राजकारणात उडी घेतली, हा आक्षेप त्यांना लागू पडत नाही. २०१० ते २०१४ या काळात ते ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या तैवान शाखेचे अध्यक्ष होते.

२०१४ च्या मार्चमध्ये, चीनशी करावयाच्या सेवाव्यापार-कराराच्या विरोधात विद्यार्थ्यांनी कायदेमंडळाच्या सभागृहाचाच ताबा घेतला. या सूर्यफूल आंदोलनाच्या वातावरणातून २०१५ मध्ये, लिम ज्याचे संस्थापक-सभासद होते तो नवशक्ती पक्ष जन्मास आला. १६ जानेवारी २०१६ च्या निवडणुकीत तैपेईच्या पाचव्या मतदारसंघात लिम यांनी कुओमिंतांगचे मुरब्बी सभासद लिन यू-फांग यांचा पराभव केला. प्राचीन लुंगशान मंदिराची वानह्वा ही जुनी वस्ती आणि सरकारी कचेऱ्यांच्या जोंगजेंगचा काही भाग मिळून हा मतदारसंघ होतो. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांनी हिमाचल प्रदेशातील धर्मशाला येथे दलाई लामांची भेट घेऊन त्यांना तैवानला येण्याचे निमंत्रण दिले. तिबेटविषयक संसदीय गटाचे नेतृत्वही त्यांच्याकडे होते.

लोकशाही प्रगतिशील पक्षाच्या तत्कालीन राष्ट्राध्यक्षा त्साई इंग-वेन यांच्या दुसऱ्या कार्यकाळासाठीच्या उमेदवारीस उघड पाठिंबा द्यावा की पक्षाचे वेगळेपण जपावे, या प्रश्नावर नवशक्ती पक्षात दुफळी माजली, आणि पाठिंब्याचा आग्रह धरणाऱ्या लिम यांनी १ ऑगस्ट २०१९ रोजी पक्षत्याग केला. जानेवारी २०२० मध्ये लिन यू-फांग यांनाच हरवून ते अपक्ष म्हणून पुन्हा निवडून आले. मात्र दोन्ही खेपांना लोकशाही प्रगतिशील पक्षाने तेथे आपला उमेदवार दिला नव्हता, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. त्यांचे अपक्षत्व मतांचे होते, एकाकीपणाचे नव्हते. मोठ्या पक्षाच्या संयमावाचून ते तगले नसते. शिवाय सभागृहात गट स्थापण्यास किमान तीन सभासद लागतात आणि विधेयकांच्या मसुद्यांवरील वाटाघाटी गटांमार्फत चालतात, त्यामुळे एकट्या सभासदाच्या हाती सौद्याचे साधन थोडेच राहते.

या कारकिर्दीतील सर्वांत बोधप्रद प्रसंग म्हणजे प्रतिनिधीस परत बोलावण्यासाठी ९ जानेवारी २०२२ रोजी झालेले मतदान. परत बोलावण्याची अट शिथिल व्हावी, ही सूर्यफूल आंदोलनातील तरुणांचीच मागणी होती. पूर्वी निम्म्या मतदारांनी मतदान केल्यावाचून असा कौल ग्राह्य धरला जात नसे. २०१६ अखेरीच्या दुरुस्तीनंतर विरोधी मते अधिक असणे आणि ती एकूण मतदारांच्या एक चतुर्थांशाइतकी भरणे, एवढेच पुरे ठरले. हे हत्यार आंदोलनाने ज्यांना निवडून आणले त्यांच्यावरच उगारले गेले. २०२१ च्या ऑक्टोबरात तैचुंगचे छेन पो-वेई यांनी याच तरतुदीपायी जागा गमावली होती. २०२१ च्या वसंतात वानह्वात कोविडची साथ उसळून त्या वस्तीची जी अवहेलना झाली, तिचे खापर लिम यांच्यावर फोडण्यात आले. साथीचा बंदोबस्त हे कायदेमंडळाच्या सभासदाचे काम नसताही हा आरोप प्रचारात रुजला, हे अन्यायाचे होते. मतदानात त्यांना परत बोलवावे असे म्हणणारे ५४,८१३, तर राहू द्यावे म्हणणारे ४३,३४० निघाले. पण आवश्यक ५८,७५६ चा आकडा न गाठल्यामुळे त्यांचे सभासदत्व कायम राहिले.

२०२४ च्या निवडणुकीस ते उभे राहिले नाहीत. लोकशाही प्रगतिशील पक्षाच्या वू पेई-यी तेथून निवडून आल्या. २०२५ मध्ये तैवान सरकारने लिम यांची फिनलंडमधील प्रतिनिधी म्हणून नेमणूक केली. उभय देशांत औपचारिक राजनैतिक संबंध नसल्याने हेलसिंकीतील हे प्रतिनिधी-कार्यालयच तेथे वकिलातीचे काम पाहते.