संगीताची पदवी : हिशेब पैशांचा आणि तासांचा

बारावीचा निकाल लागला की ठाणे, डोंबिवली आणि कल्याणमधील काही घरांत एक प्रश्न हमखास निघतो. मुलाने किंवा मुलीने शाळेत असताना गांधर्व महाविद्यालयाच्या पाच-सहा परीक्षा दिलेल्या असतात, गळा बरा असतो, आणि आता संगीतातच पदवी घ्यायची इच्छा असते. त्यावर घरातील वडीलधाऱ्यांचा सवाल असतो, 'पुढे काय?' या सवालाला कलेविषयीची अनास्था म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. परंतु तो रास्त आहे आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी आकड्यांत देता येते.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. विशारद ही विद्यापीठाची पदवी नव्हे. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. १९०८ मध्ये ते मुंबईत आले. संस्थेसाठी येथे स्वतःची इमारत उभी राहिली खरी, पण पुढे कर्जापायी ती हातची गेली. संगीतशिक्षणाचा ताळेबंद जुळवणे तेव्हाही अवघडच होते! १९३१ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिकपासून विशारद आणि अलंकारपर्यंतच्या परीक्षा हे मंडळ घेते. आपल्या भागातील अनेक गायन-वादन वर्ग याच परीक्षांच्या आधाराने चालतात. परीक्षा कठीण आहेत, त्यांना मान आहे. मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. त्यामुळे विशारद कुठे पदवीसमान धरायचे आणि कुठे नाही, हे समोरचे विद्यापीठ किंवा नोकरी देणारी संस्था ठरवते. सात-आठ वर्षे परीक्षा दिल्यानंतर ही गोष्ट कळू नये. ती आधीच विचारून घ्यावी.

मग विद्यापीठाच्या पदवीला बाजारात काय भाव आहे? जिथे नियमच पदवी मागतो, तिथे तो चोख आहे. महाविद्यालयात किंवा विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायचे तर सर्वसाधारण मार्ग पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण आणि नेट अथवा सेट परीक्षा असा आहे. सातव्या वेतन आयोगानुसार या पदाचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे, भत्ते वेगळे. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत आकाशवाणी-दूरदर्शनच्या 'ए' श्रेणीच्या कलावंतांसाठी निराळी वाटही ठेवली आहे. केंद्रीय विद्यालयांत प्राथमिक संगीत शिक्षकासाठी संगीतातील पदवी लागते आणि मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. असे एक विद्यालय अंबरनाथच्या आयुधनिर्माणी परिसरात आहे. परंतु एका शाळेत संगीताचे साधारणपणे एकच पद असते आणि नेमणूक भारतात कुठेही होऊ शकते. महाविद्यालयांची स्थिती याहून कठीण. संगीत हा विषय शिकवणारी महाविद्यालये मोजकी, आणि तिथेही अनेकदा तासिका तत्त्वावर बोलावले जाते. म्हणजे वेतनश्रेणी मोठी आहे, पण तिच्यापर्यंत पोहोचणारी रांग फार लांब आहे.

राज्यातील अनुदानित शाळांकडून फारशी आशा धरू नये. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) सहावी ते आठवीत शंभराहून अधिक विद्यार्थी असतील तर कलाशिक्षणासाठी निदेशक सांगितला, पण तो अर्धवेळ. आणि आपल्याकडे शाळेत 'कला' म्हटले की आधी चित्रकला आठवते.

उरतो तो स्वतःचा वर्ग. आपल्या परिसरात संगीतावर घर चालवणाऱ्यांपैकी बहुतेकांचा खरा आधार हाच. उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. समजा, महिना ८०० रुपये शुल्क आहे आणि २५ विद्यार्थी आहेत. जमा २०,००० रुपये. त्यातून जागेचे भाडे, तबलजीचे मानधन, पेटीची दुरुस्ती वजा करा. मे महिन्यात अर्धे विद्यार्थी गावी जातात आणि दहावीच्या वर्षी अनेक जण वर्ग सोडतात, हेही धरा. हाती बारा-तेरा हजार राहिले तरी पुष्कळ. विद्यार्थी दुप्पट झाले तर चित्र पालटते, पण त्यासाठी सात-आठ वर्षे एकाच वस्तीत नाव टिकवावे लागते. आणि वर्गात मूल घालताना पालक शिक्षकाची पदवी कोणत्या विद्यापीठाची हे क्वचितच विचारतात. विद्यार्थी परीक्षेला बसवता का, हे मात्र नक्की विचारतात.

मैफलीच्या व्यासपीठावर तर पदवीचा संबंधच नाही. आकाशवाणीची श्रेणी ध्वनिचाचणीवर ठरते. लोककला वा शास्त्रीय कलेच्या कार्यक्रमाचे मानधन दीड लाख रुपयांपर्यंत असेल तर वस्तू व सेवा कर माफ आहे. ही मर्यादा ओलांडण्याची काळजी आपल्यापैकी फार थोड्यांना पडावी. ज्यांच्या नावाने ठाण्यात महापालिका संगीत महोत्सव भरवते ते पं. राम मराठे काय किंवा ज्यांच्या 'देवगंधर्व' या उपाधीने कल्याण गायन समाजाचा महोत्सव ओळखला जातो ते भास्करबुवा बखले काय, दोघेही घडले ते गुरूंच्या तालमीत.

आता खर्चाची बाजू. पालक इथे शुल्काचा विचार करतात, पण आपल्या भागातील विद्यार्थ्याचा मोठा खर्च तो नव्हे. मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग १९६९ पासूनचा, महिलांसाठी श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठाचाही पर्याय आहे. पण वर्ग दक्षिण मुंबईत असले तर डोंबिवली किंवा कल्याणहून जाऊन-येऊन रोजचे तीन तास लोकलमध्ये जातात. वर्षाला दोनशे दिवस आणि तीन वर्षे धरली तर हे १,८०० तास होतात. रोज दोन तासांप्रमाणे हा जवळपास अडीच वर्षांचा रियाज झाला. सकाळच्या गर्दीत उभ्याने प्रवास करून आल्यावर संध्याकाळी षड्ज लावायला बसणे किती जणांना जमते? ठाणेकरांचे गणित थोडे हलके, एवढेच.

म्हणून या प्रतिनिधीच्या मते, ज्याला अध्यापनात किंवा संशोधनात जायचे आहे त्याने संगीताची पदवी जरूर घ्यावी, तीही थेट पदव्युत्तर व नेटपर्यंतची तयारी ठेवून. नुसती पहिली पदवी घेऊन थांबणे पैशाच्या दृष्टीने सर्वांत तोट्याचे. ज्याला गायचे आहे त्याने घराजवळच्या महाविद्यालयातून दुसरी कोणतीही पदवी घेऊन वाचलेले तास गुरूकडे खर्चावेत. ही वाट काही नवी नाही. पं. विष्णु नारायण भातखंडे १८८७ मध्ये कायद्याचे पदवीधर झाले आणि वकिली करीत संगीताकडे वळले. डॉ. प्रभा अत्रे यांनी विज्ञान आणि कायदा या दोन्ही विषयांत पदवी घेतली होती. पुढे संगीतात डॉक्टरेट मिळवून त्या ठाकरसी विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख झाल्या.

एप्रिल २०२२ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्या घेण्यासही मुभा दिली आहे. दोन्हींचे वर्ग एकाच वेळी येणार नाहीत किंवा एक अभ्यासक्रम दूरशिक्षणाचा असेल, तर हे शक्य आहे. मात्र विद्यापीठाने ती तरतूद स्वीकारली आहे का, हे प्रवेशापूर्वी पाहावे. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची १८ ते २५ वयोगटातील कलावंतांसाठीची शिष्यवृत्तीही अनेकांना ठाऊक नसते. महिना ५,००० रुपये, दोन वर्षे. तिच्यासाठी पदवीची अट नाही. गुरूकडे किमान पाच वर्षे शिकलेले असावे लागते.